कोणासाठी पहिलं?

क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की समुपदेशनाचा ऑनलाइन अर्ज भरायची वेळ येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठं आपल्या पसंतीच्या क्रमाने लावा, असं तो अर्ज सांगतो. ही विद्यापीठं आता दोन डझनांच्या आसपास आहेत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एवढ्या संस्थांची माहिती काढायची, आपल्याला काय व्हायचंय ते ठरवायचं आणि मग क्रम लावायचा, म्हणजे महिन्याभराचं काम. बहुतेक घरांत ते अर्ध्या तासात उरकतं, कारण क्लासमधून मिळालेली यादी हाताशी असते. आधी बेंगळुरू, मग हैदराबाद, मग कोलकाता, त्याखाली जोधपूर, गांधीनगर, भोपाळ थोड्याफार फरकाने. जिला न्यायाधीश व्हायचंय ती नागपूरची मुलगी, ज्याला कंपन्यांचे करार लिहायचेत तो इंदूरचा मुलगा आणि ज्याने अजून काहीच ठरवलेलं नाही तो तिसरा, तिघांच्याही पहिल्या चार-पाच ओळी जवळजवळ सारख्या असतात. पसंती विचारली गेली आणि उत्तरही मिळालं, पण मधलं पसंत करणं राहूनच गेलं.

या अर्ध्या तासामागे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. चांगुलपणा ही एकच गोष्ट आहे का, जी सगळ्यांकडे कमी-जास्त प्रमाणात असते आणि म्हणून मोजून ओळीने लावता येते? की चांगल्याचे प्रकारच निरनिराळे आहेत आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या वर की खाली, हे विचारण्यातच काही अर्थ नाही? क्रमवारी पहिली बाजू गृहीत धरते. ती सिद्ध करण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येते, कारण आकडा एकदा समोर आला की त्याच्या मागचा प्रश्न विचारायचाच राहतो.

तो प्रश्न विचारला गेला तो अमेरिकेत, आणि विचारणारी संस्था अनपेक्षित होती. 'यूएस न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या नियतकालिकाने लॉ स्कूलची पहिली यादी १९८७ साली छापली आणि १९९० पासून ती दरवर्षी येऊ लागली. त्या वर्षापासून २०२२ पर्यंत येल लॉ स्कूल सलग पहिल्या क्रमांकावर होतं. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी याच येलच्या डीन हेदर गर्कन यांनी जाहीर केलं की आम्ही यापुढे या यादीसाठी माहिती देणार नाही. त्याच दिवशी हार्वर्डनेही तेच सांगितलं. पाठोपाठ बर्कली, कोलंबिया, जॉर्जटाउन, स्टॅनफर्ड बाहेर पडले. शिकागो आणि कॉर्नेल यांनी मात्र माहिती देणं चालू ठेवलं.

येलची तक्रार नेमकी होती. पदवीनंतर एखादी विद्यार्थिनी लॉ स्कूलच्याच शिष्यवृत्तीवर गरिबांची बाजू मांडणाऱ्या एखाद्या संस्थेत रुजू झाली, तर यादी तिला जवळजवळ बेकार धरत असे. बड्या फर्ममध्ये गेलेली तिची मैत्रीण मात्र पूर्ण नोकरीत मोजली जाई. प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे एलसॅटच्या गुणांना यादीत मोठं वजन होतं. त्यामुळे अनेक लॉ स्कूल गरजू मुलांसाठीची मदत काढून ती जास्त गुणांच्या मुलांना आपल्याकडे ओढायला वापरू लागली. कमी गुणांचा, बहुधा कमी ऐपतीचा विद्यार्थी पूर्ण फी भरतो आणि त्या पैशावर दुसऱ्याची फी माफ होते. अमेरिकेत कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडताना लाखभर डॉलरचं कर्ज डोक्यावर असणं ही सर्रास गोष्ट आहे. तिथे हा हिशेब कुणाच्या तरी पुढच्या पंधरा-वीस वर्षांवर लिहिला जातो.

बहिष्कारानंतर यूएस न्यूजने वजनं बदलली. डीन, प्राध्यापक, वकील आणि न्यायाधीश यांच्या मतांवर आधारलेल्या प्रतिष्ठेला आधी एकूण ४० टक्के होते, ते २५ वर आले. नोकरीचं वजन १४ टक्क्यांवरून ३३ वर गेलं. यादी बंद झाली नाही. अमेरिकन बार असोसिएशनकडे उपलब्ध असलेली माहिती घेऊन, नाही म्हणणाऱ्यांनाही क्रमांक देण्यात आले. आणि येलला बाहेर पडणं परवडलं ते पहिला क्रमांक खिशात होता म्हणून, ही टीका त्या वेळीही झाली आणि ती रास्त होती. शंभराव्या क्रमांकावरच्या डीनने तसं केलं असतं तर त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं.

प्रतिष्ठेचे ते ४० टक्के येत कुठून, हे जवळून पाहण्यासारखं आहे. लॉ स्कूल सुमारे दोनशे. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्या, असं डीनना सांगितलं जातं. दोनशे संस्थांत काय शिकवतात, कोण शिकवतं, हे एका माणसाला कसं माहीत असणार? मिशिगनचे माजी मुख्य न्यायाधीश टॉमस ब्रेनन यांनी एकदा शंभरेक वकिलांना दहा लॉ स्कूलची नावं पाठवून क्रम लावायला सांगितलं. यादीत हार्वर्ड होतं, येल होतं आणि पेन स्टेटही होतं. उत्तरं आली तेव्हा पेन स्टेट मधल्या कुठल्याशा जागी, साधारण पाचवं होतं. त्या काळी पेन स्टेटकडे लॉ स्कूलच नव्हतं. नाव मोठ्या विद्यापीठाचं, तेव्हा कायद्याचं शिक्षणही बरंच असणार, असं म्हणून अनुभवी वकिलांनी नसलेल्या संस्थेला गुण दिले होते. याच ब्रेनन यांनी स्थापन केलेल्या कूली लॉ स्कूलने पुढे स्वतःची यादी काढली. ग्रंथालयातली पुस्तकं, इमारतीचं क्षेत्रफळ अशी मोजमापं तिने धरली आणि तिच्या एका आवृत्तीत हार्वर्डनंतर दुसरा क्रमांक कूलीचाच लागला. काय मोजायचं आणि किती वजन द्यायचं हे ठरलं की क्रमांक आपोआप ठरतो. ते ठरवणाऱ्याने मात्र विद्यार्थ्याला काही विचारलेलं नसतं.

आकड्यामागे धावताना माणसं कुठवर जातात, याचा दाखला इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ स्कूलने दिला. आपल्या विद्यार्थ्यांचे एलसॅट गुण आणि सरासरी श्रेणी तिथे अनेक वर्षं फुगवून कळवली जात होती, हे २०११ साली उघड झालं. पुढच्या वर्षी बार असोसिएशनने अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. जी संस्था न्यायालयात खोटी साक्ष देऊ नये असं शिकवते तिच्याकडून हे घडलं, ही गोष्ट दंडाच्या रकमेपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

पण फसवणूक हा या विषयाचा गाभा नाही. कुणीही खोटं न बोलता जे घडतं ते अधिक खोल आहे. वेंडी एस्पलँड आणि मायकल सॉडर या समाजशास्त्रज्ञांनी लॉ स्कूलच्या क्रमवारीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, डीनपासून विद्यार्थ्यांपर्यंत असंख्य मुलाखती घेतल्या आणि २०१६ साली त्यावर 'एंजिन्स ऑफ अँग्झायटी' हे पुस्तक लिहिलं. पूर्वी एखादं लॉ स्कूल आपल्या राज्याला चांगले वकील देण्यासाठी उभं होतं, एखादं नोकरी करून रात्री शिकणाऱ्यांसाठी, एखादं संशोधनासाठी. क्रमवारी आली आणि या सगळ्यांची एकच रांग झाली. आपला हेतू वेगळा आहे हे सांगायला जागाच उरली नाही, कारण वेगळ्या हेतूचा रकाना यादीत नव्हता.

तत्त्वज्ञ सी. थी न्यूयेन यांनी हाच अभ्यास हाती घेऊन एक पाऊल पुढे टाकलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाची मूल्यं समृद्ध असतात, गुंतागुंतीची असतात आणि बहुधा नीटशी स्पष्ट नसतात. एखादी संस्था त्या मूल्यांचं सोपं, आकड्यातलं रूप पुढे ठेवते. हळूहळू माणूस स्वतःच्या मूल्यांच्या जागी तो आकडाच ठेवतो आणि मग त्याच्यासाठीच झटू लागतो. याला ते मूल्यांचा कब्जा म्हणतात. क्रमवारीच्या आधी लॉ स्कूल निवडू पाहणाऱ्याला, मला कशासाठी वकील व्हायचंय, पैशासाठी, न्यायासाठी, वादाच्या आनंदासाठी की घरच्यांच्या इच्छेसाठी, हे स्वतःला विचारावंच लागे, कारण संस्था वेगळ्या होत्या आणि निवड करायची तर आपला हेतू आधी माहीत हवा. क्रमवारीने ती गरज संपवली. सर्वांत वरचं जे मिळेल ते घे, एवढं पुरलं. विद्यार्थ्याचं नुकसान हे की आयुष्यात जो प्रश्न नेमक्या त्या वयात पडायला हवा, तो पडतच नाही. मग तो तिशीत पडतो. तोवर कर्ज असतं, घर असतं आणि परतीची वाट महाग झालेली असते.

याचा अर्थ क्रमवारी खोटी किंवा बिनकामाची, असा काढणं घाईचं होईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्ती बसतात. त्यांपैकी आठ हार्वर्ड किंवा येलमध्ये शिकले. नॉट्र डेममधून आलेल्या एमी कोनी बॅरेट एवढ्याच वेगळ्या. २००९ साली वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठात न्या. अँटोनिन स्कालिया यांना एका विद्यार्थिनीने विचारलं की ओळखी नसताना, मोठ्या संस्थेची पदवी नसताना यश मिळवायचं तर काय करावं. कष्ट करा, हे त्यांनी सांगितलंच. पण आपले सहायक निवडायचे तर आपण प्रवेशाला सर्वांत कठीण अशा लॉ स्कूलकडेच पाहतो, हेही स्पष्ट केलं. तिथे शिकवणं उत्तम असेलच असं नाही, पण आत जाणारी मुलं हुशार असतात, असा त्यांचा आशय होता. त्याच ओघात त्यांनी हेही कबूल केलं की त्यांच्या उत्तम सहायकांपैकी एक जेफ्री सटन हे ओहायो स्टेटचे होते आणि ते दुसऱ्या न्यायमूर्तींकडून त्यांच्याकडे आले होते. स्वतः होऊन त्यांनी सटन यांना घेतलं नसतं.

स्कालिया यांच्या उत्तरात क्रमवारीचं खरं मोल आणि तिची मर्यादा दोन्ही सापडतात. ती दाराशी लावलेल्या चाळणीबद्दल सांगते. दाराच्या आत पाच वर्षांत काय होतं, याबद्दल ती फारसं बोलत नाही. आपल्याकडचं बेंगळुरूचं पहिलं स्थानही बरंचसं असंच टिकून आहे. नॅशनल लॉ स्कूल १९८७ साली उभं राहिलं, डॉ. एन. आर. माधव मेनन यांनी पाच वर्षांचा नवा अभ्यासक्रम घडवला आणि देशातल्या कायद्याच्या शिक्षणाला शिस्त लावली. हे श्रेय निर्विवाद आहे. पण क्लॅट २००८ साली सुरू झाल्यापासून वरच्या क्रमांकाची मुलं बेंगळुरूला जातात कारण ते पहिलं आहे, आणि ते पहिलं राहतं कारण वरच्या क्रमांकाची मुलं तिथे जातात. फर्म तिथे भरतीला येतात त्या या मुलांसाठी. सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत कायद्याचा विभाग २०१८ मध्ये आला आणि तिथेही बेंगळुरूच पहिलं आलं. चांगल्या सोबत्यांत पाच वर्षं राहणं ही छोटी गोष्ट नाही. वादविवाद, मूट कोर्ट, रात्री उशिरापर्यंत चालणारी चर्चा यांतून माणूस घडतो. ते क्रमवारीमुळे मिळत असेल तर क्रमवारीला तेवढं मोल दिलंच पाहिजे.

एनआयआरएफचा हिशेब पाच भागांत चालतो. शिकवणं आणि साधनं, संशोधन, पदवीनंतरचं फलित, सर्वसमावेशकता आणि लोकमत. आकडे संस्था स्वतः पुरवते. संशोधन मोजलं जातं ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींवरून. कायद्यावरचं मराठी लेखन, वकिलांसाठी लिहिलेली भाष्यं, कोर्टाच्या कामातून आलेल्या पुस्तिका यांना त्या मोजणीत स्थान मिळणं अवघड. दुसरीकडे आयआयटी खरगपूरचं विधी केंद्र, जे २००६ मध्ये बौद्धिक संपदा कायद्यासाठी सुरू झालं आणि जिथे मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीचे पदवीधर तीन वर्षांची पदवी घेतात, ते अनेक वर्षं पहिल्या दहांत दिसतं. ते चांगलंच आहे. पण पेटंटच्या कायद्यात उतरू पाहणारा अभियंता आणि बारावीनंतर सत्र न्यायालयाचं स्वप्न पाहणारी मुलगी या दोघांसाठी एकच यादी काय सांगणार?

२०२४ च्या त्याच पहिल्या दहांत पुण्याचं सिम्बायोसिस लॉ स्कूल होतं. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय नव्हतं आणि पुण्याचं आयएलएसही नव्हतं. शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं. टिळक तिथे कायदा शिकले, १९३५ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य झाले, नानी पालखीवाला तिथलेच, सरन्यायाधीश उदय लळितही तिथलेच. आयएलएस १९२४ चं. न्या. गजेंद्रगडकर आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश आणि यशवंतराव चव्हाण तिथून बाहेर पडले. २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेले न्या. भूषण गवई अमरावतीत शिकले. या नावांवरून हल्लीच्या क्रमवारीविरुद्ध निकाल देणं मात्र बरोबर नाही. ही माणसं शिकली तेव्हा निवडायला फारसं नव्हतंच, आणि जी हजारो मुलं त्याच वर्गांत बसून कुठेच पोचली नाहीत त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. एवढंच म्हणता येतं की महाविद्यालयाचा क्रमांक माणसाची हद्द ठरवत नाही.

आता तालुक्याच्या कोर्टात जाऊन पाहावं. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यासमोर वाटणीचा दावा चालू आहे. कैफियत दाखल झाली, मुद्दे निघाले, वादीची सरतपासणी झाली आणि आता उलटतपासणी आहे. जमिनीचा सातबारा थोरल्या भावाच्या नावावर, पण नावापुढे पूर्वी 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं होती. एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांवर धाकट्या भावंडांचा सगळा हक्क टिकून आहे. मधल्या एका फेरफारात ती अक्षरं गळली आहेत. ती केव्हा गळली, कुणाच्या अर्जावरून गळली, नोटिसा कुणाला बजावल्या, हे साठीच्या शेतकऱ्याला त्याच्या बोलीत, त्याला न बिचकवता विचारायचं आहे आणि न्यायाधीशांनी ते नेमकं उतरवून घ्यायला हवं. ही कला कोणत्याही क्रमवारीत नाही. वरच्या संस्थांचे बरेच पदवीधर या कोर्टाच्या आवारात कधी पाऊलच ठेवत नाहीत, आणि ज्यांना ते ठेवायचं असतं त्यांना इंग्रजीत झालेल्या पाच वर्षांनंतर हे सगळं एखाद्या सीनियरच्या ऑफिसात पहिल्यापासून शिकावं लागतं. सनद सगळ्यांना सारखीच मिळते. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा तिच्यावर महाविद्यालयाचा क्रमांक छापत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये न्यायाधीशांच्या भरतीसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली, त्यामुळे न्यायाधीश होऊ पाहणाऱ्यांना ही पायरी आता चुकवता येणार नाही. अशा मुलीने निवड करताना जवळ जिल्हा न्यायालय आहे का, विधी सहाय्याचं केंद्र खरोखर चालतं का, पुराव्याचा कायदा कोण शिकवतं, ते स्वतः कोर्टात उभे राहिलेत का, हे विचारायला हवं. मुंबईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१४ च्या कायद्याने स्थापन झालं, वयाने लहान आहे, तरी हायकोर्ट आणि मोठ्या फर्म शहरातच असल्याने कित्येक जण त्याला जुन्या विद्यापीठांच्या वर ठेवतात. ते क्रमवारीपेक्षा स्वतःच्या गरजेकडे पाहतात. तसं सगळ्यांनाच पाहता यायला हवं.

भारतीय परंपरेत हा विचार नवा नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराला वाहिलेला आहे. एखादं कर्म श्रेष्ठ की कनिष्ठ याआधी ते कोणासाठी, हे विचारायचं. पुढे वेदान्ताने आणि भक्तिसंप्रदायांनी हा धागा उचलला. ज्ञान, कर्म, भक्ती यांतला कोणता मार्ग चांगला, याचं उत्तर साधक कोण आहे ते पाहून दिलं जाई. मार्गांची सरसकट क्रमवारी लावण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं.

पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. कोणासाठी हा प्रश्न ज्याचा त्याने विचारायचा, त्याऐवजी दुसऱ्यांनी त्याच्यासाठी उत्तर देऊन टाकलं. त्याच सहाव्या अध्यायात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाही, असा निर्णय आहे, आणि ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत तो ज्ञानापर्यंत ताणला गेला. अधिकारभेदाचं नाव घेऊन शतकानुशतकं दारं बंद राहिली. क्रमवारीचा सर्वांत भक्कम बचाव इथून सुरू होतो. ज्याच्या घरात कुणी वकील नाही, ज्याचे काका हायकोर्टात नाहीत, त्याला कोणतं कॉलेज बरं हे सांगणार कोण? पूर्वी ही माहिती घराण्यांत आणि जातींत फिरत असे. छापील यादी ती सगळ्यांच्या हाती देते. तुझ्यासाठी हे नाही, असं ती कुणाला म्हणत नाही. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यासाठी हे फार मोठं आहे, आणि क्रमवारीवर टीका करणाऱ्या बऱ्याच जणांना त्याची जाणीव नसते, कारण त्यांना माहितीसाठी यादीची गरज कधी पडलेलीच नसते. तरीही यादी दार दाखवते, उंबरठा उतरवत नाही. बेंगळुरूचेच माजी विद्यार्थी असलेले प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये इडिया ही संस्था काढली ती याच जाणिवेतून. वरची विद्यापीठं इंग्रजी माध्यमातल्या, शहरी, फी परवडणाऱ्या मुलांनी भरत होती आणि वंचित मुलांना तयारी, पैसा आणि पुढची सोबत, हे तिन्ही हवं होतं. मुंबईत शासकीय महाविद्यालयाची वर्षाची फी काही हजारांत आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठाची काही लाखांत असते, तेव्हा क्रमांकाचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा लागतो. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळी भरवलं. कारकुनी सांभाळून शिकणाऱ्याच्या दृष्टीने वर्गाची ती वेळ कोणत्याही क्रमांकापेक्षा मोलाची होती.

दोन चांगल्या संस्थांत एक वर आणि एक खाली असलीच पाहिजे, असं आपण का मानतो? तत्त्वज्ञ रूथ चँग यांनी यावर आयुष्यभर विचार केला आहे. तरुणपणी त्यांच्यापुढेही कायदा आणि तत्त्वज्ञान असे दोन रस्ते होते. सुरक्षित म्हणून त्यांनी कायदा निवडला, हार्वर्डमधून पदवी घेतली, काही काळ वकिलीही केली आणि मग तत्त्वज्ञानाकडे वळल्या. आज त्या ऑक्सफर्डमध्ये विधितत्त्वज्ञान शिकवतात. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. समजा, एका विद्यार्थिनीला बेंगळुरू आणि मुंबईचं शासकीय महाविद्यालय यांत ठरवता येत नाही. दोन्ही तिला बरोबरीची वाटतात, असं आपण म्हणू. मग बेंगळुरूने फी दहा हजारांनी कमी केली तर पारडं लगेच तिकडे झुकायला हवं. पण ते झुकत नाही. ती अजूनही तिथेच अडते. म्हणजे दोन्ही सारखी नव्हती, आणि एक दुसरीहून वरचढही नव्हती. ती दोन्ही तोलामोलाची, पण वेगळ्या प्रकारे चांगली होती. अशा ठिकाणी बाहेरची कारणं संपतात आणि माणसाला आपण कोण होणार आहोत हे ठरवून स्वतः कारण घडवावं लागतं. चँग यांच्या मते ही माणसाची अडचण नसून त्याची ताकद आहे. क्रमवारी या जागी येऊन उत्तर देते आणि ती ताकद वापरायची संधी जाते. अधिकार दुसऱ्याने ठरवला काय आणि आकड्याने ठरवला काय, ठरवणारे आपण नसतो, हे दोन्हीकडे खरं आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सरकारी नियमापर्यंत पोचला आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिने किती तरी मुलांना परदेशी विद्यापीठांत पोचवलं आणि त्यांत एलएलएम करणारेही आहेत. अटींमध्ये एक अशी की विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत ठरलेल्या क्रमांकाच्या आत हवं. अट कशासाठी, हे समजतं. जनतेचा पैसा बोगस संस्थांत जाऊ नये आणि निवड करणाऱ्या अधिकाऱ्यावर वशिल्याचा आळ येऊ नये. पण हा क्रमांक संपूर्ण विद्यापीठाचा असतो, कायद्याच्या विभागाचा नव्हे. याउलट, १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा काय शिकणार, हे विचारलं होतं. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त, असं त्यांचं उत्तर होतं. पुढे सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे शिक्षक त्यांना तिथे मिळाले.

आज एखाद्या विद्यार्थिनीला कोयनेच्या किंवा उजनीच्या धरणग्रस्तांचं काम करायचंय आणि त्यासाठी पर्यावरणाचा कायदा शिकायचाय, असं समजू. अमेरिकेत त्या विषयासाठी व्हरमाँट लॉ अँड ग्रॅज्युएट स्कूलचं नाव घेतलं जातं. साउथ रॉयल्टन या छोट्या गावातली ती स्वतंत्र संस्था आहे. पर्यावरण कायद्याच्या विषयवार यादीत ती वर्षानुवर्षं अगदी वर असते, एकूण लॉ स्कूलच्या यादीत बरीच खाली, आणि क्यूएसच्या जागतिक विद्यापीठांच्या यादीत ती नसतेच, कारण ते विद्यापीठ नाही. या विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच छाननीत बाहेर पडेल. हे टाळायला अर्जात एक पान जास्त जोडता येईल. कोणता विषय, कोणाकडे, आणि परत येऊन कोणत्या कोर्टात किंवा कोणत्या लोकांसाठी, हे विद्यार्थिनीने तिथे लिहावं आणि त्या विषयाच्या दोन जाणकारांनी ते वाचावं. यादीतला क्रमांक त्या पानाच्या सोबतीला ठेवायला काहीच हरकत नाही.